सईस पत्र

चि. सई हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू डब्लिन महापालिकेला अपक्ष उभी राहणार म्हणालीस आणि मला फोनवर पुढे बोलताच आलं नाही. तिथलं नागरिकत्व नसलं तरी महापालिकेला उभं राहता येतं, हे बाबांना अजून पटत नाही. पण कालच ते सगळ्या आळीला सांगून आले.

प्रचाराला दारोदार जाताना एकटी जाऊ नकोस, एवढंच सांगायचं होतं.

तू नाव घेतलंस त्या डब्लिनच्या टोनी ग्रेगरींविषयी मिळेल ते वाचलं. १९८२ साली पहिल्यांदाच खासदार झाले, तेही अपक्ष. चार्ल्स हॉही या पुढाऱ्याला आयर्लंडचा पंतप्रधान व्हायला त्यांचं मत हवं होतं, तर त्यांनी आपल्या भागासाठी ४४० घरं आणि ५०० माणसांना काम लेखी कबूल करून घेतलं आणि तो करार भर संसदेत वाचून दाखवला. सरकार त्याच वर्षी पडलं, बरंचसं कागदावरच राहिलं. तरी २००९ मध्ये जाईपर्यंत लोकांनी त्यांना सोडलं नाही. रस्त्यावर माल विकणाऱ्या बायकांसाठी तुरुंगात गेले, संसदेत कधी टाय बांधला नाही. हेरॉइन विकणाऱ्यांविरुद्ध वस्तीतले आईबाप उठले, तेव्हा त्यांच्या बाजूने उभे राहिले.

पण सई, ते तिथल्याच बॅलीबॉक वस्तीत वाढलेले. त्यांना सगळे ओळखत होते. तुला दार उघडणारा आधी तुझा रंग बघणार. २०२३ च्या नोव्हेंबरात त्याच भागात दंगलीत बस जळताना आम्ही टीव्हीवर पाहिली, तू दोन तास फोन उचलला नव्हतास.

निवडून आलीस तर खोटी आश्वासनं देऊ नकोस. चारचौघांत आवाज चढवू नकोस. जेवणाच्या वेळा पाळ. ग्रेगरी एकसष्टीतच कॅन्सरने गेले, लोकांचं करताना स्वतःकडे बघायचं राहून जातं. बघ, सुरू झालं माझं. रागावू नकोस.

टँकर आला की जोशीकाकूंच्या ओट्यावर उभी राहून हंड्यांना खडूने नंबर घालायचीस ते आठवतं? परकराला खडू पुसायचीस. पाटलांच्या सुनेने मध्ये हंडा घुसवला तर तो उचलून मागे ठेवलास. त्या तुझ्या दुप्पट! आजी तेव्हाच म्हणाली होती, ही ऐकायची नाही.

नाहीच ऐकणार. उभी राहा. पत्रकाचा खर्च आम्ही देतो, बाबांनी एफडी मोडायचं ठरवलंय, नाही म्हणू नकोस.

तिथे उन्हाळ्यात रात्री दहापर्यंत उजेड असतो म्हणालीस. मग दहानंतर परतताना कोण असतं बरोबर? त्या नायजेरियन मैत्रिणीला विचार, आणि तिचा नंबर मला पाठव.

तुझी,
आई