नीलास पत्र : मुग्धाची थायरॉइडची गोळी

वाई,
कोजागिरीचा दुसरा दिवस

प्रिय नीला,

सप्रेम नमस्कार. फोनवर तू मला मध्येच तोडतेस आणि मग मूळ विषय राहून आपण गणपती आळीतल्या लोकांवर घसरतो, म्हणून लिहायला बसले. माझे गुडघे आहेत तसेच. यांचा बीपी आटोक्यात आहे. झालं तब्येतीचं.

मुग्धाने थायरॉइडची गोळी बंद केली आहे. मला न सांगता, जावईबापूंना अर्धंमुर्धं सांगून. तिचं हाशिमोटो (शरीर स्वतःच्याच थायरॉइड ग्रंथीवर उलटतं ते दुखणं) निघालं तेव्हा टीएसएच, म्हणजे ग्रंथी मंदावली की चढणारा आकडा, ११.४ होता आणि अँटी-टीपीओ, म्हणजे ग्रंथीवर उलटलेल्या प्रतिपिंडांचा आकडा, हजाराच्या वर, हे तुला मी कळवलं होतं. गोळीवर तो तीनच्या आसपास आला, पोरगी जरा माणसात आली. मग कुणीतरी तिला मोबाइलवर एक 'थायरॉइडमुक्ती'चं पॅकेज दाखवलं. घरी खोकं आलं: अश्वगंधाच्या कॅप्सूल, कांचनार गुग्गुळ, समुद्री शेवाळाची पावडर, केसांसाठी वेगळ्या गोळ्या, आणि 'घरबसल्या पंचकर्म' म्हणून एक रेचक चूर्ण. सोबतच्या कागदावर लिहिलंय की अ‍ॅलोपॅथीची गोळी हळूहळू सोडा, ती ग्रंथीला आळशी बनवते. हिने हळूहळूसुद्धा केलं नाही, एका सोमवारी डबीच कपाटात टाकली.

पहिले काही दिवस काहीच झालं नाही. त्या गोळीचा निम्मा अंश उतरायलाच आठवडा लागतो, तेव्हा होणार काय? पण तिची खात्री पटली की गोळी नुसती सवयीची होती. आणि नंतर तिने रक्त तपासलं तर टीएसएच २.१! मला रिपोर्टचा फोटो आला, खाली लिहिलेलं, 'आई, वैद्य अण्णांची नात आहे मी.'

नीला, मी तो रिपोर्ट बघून आनंदाने रडले असते गं. आपल्या शास्त्राने पोरगी बरी केली, यापेक्षा मला काय हवं होतं? पण नवरात्रात ती घरी आली तेव्हा डोळ्यांखाली सूज, आवाज जड, आश्विनातल्या दुपारी अंगावर शाल, चार-चार दिवस पोट साफ नाही. अष्टमीला घागर फुंकायला उठली आणि दोन फेऱ्यांत बसली. अण्णा असते तर नाडीसुद्धा न बघता म्हणाले असते, हिचा अग्नी विझत चाललाय. अंग एक सांगतंय आणि कागद दुसरंच, हे कसं?

तेव्हा तुझं बोलणं आठवलं. तू लॅबमध्ये असताना सांगायचीस ना, की केसांच्या गोळ्या घेणाऱ्या बायकांचे थायरॉइडचे रिपोर्ट वेडेवाकडे येतात. मी खोक्यातली ती बाटली उजेडात धरून बारीक अक्षरं वाचली. बायोटिन (ब गटातलं एक जीवनसत्त्व), दहा मिलिग्रॅम, रोज. तीन दिवस ती बाटली माझ्या कपाटात ठेवली आणि तिला पुन्हा रक्त द्यायला लावलं. टीएसएच ३१.

आता ती म्हणते दुसरी लॅब चुकली. पहिला रिपोर्ट खरा, कारण तो हवा तसा आला. माझं ऐकायला ती तयार नाही, म्हणते, तूच लहानपणापासून काढे पाजलेस आणि आता तूच उलटलीस.

मी उलटलेली नाही, हे तुझ्याइतकं कुणाला कळणार? अण्णांच्या दवाखान्यात मागच्या पडवीत आपण दोघी कांचनार गुग्गुळ कुटायला बसायचो. त्रिफळा, त्रिकटू, वायवर्णा, वेलची, दालचिनी, तमालपत्र, सगळं वस्त्रगाळ करून ठेवलेलं, आणि गुग्गुळ बत्त्याला चिकटला की थेंबभर तूप. हाताचा वास आठवडाभर जायचा नाही. आणि तू कांचनाची म्हणून आपट्याची साल घेऊन आलीस ते विसरलीस का? पानं दोन्हीची दुभंगलेली, म्हणून तू अण्णांशी वाद घालत बसलीस! अण्णा म्हणाले, हिला दसऱ्याला औषध द्या, सोनं म्हणून वाटेल. तू अजूनही कबूल करत नाहीस.

पण त्याच अण्णांनी कुणाची चालू गोळी बंद केल्याचं तू पाहिलंस का? तुझ्या मोठ्या काकूंना आठव. त्यांची थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर, चहा त्यानंतर तासाभराने, लोह आणि कॅल्शियम चार तासांनी, आणि अण्णांचं औषध संध्याकाळी. काकूंचं पोट साफ व्हायला लागलं, झोप लागली, अंगावरची सूज उतरली, पण गोळीचा डोस ठरवायला अण्णा त्यांना साताऱ्याला डॉक्टरांकडेच पाठवायचे. सुश्रुतांनी आपल्या संहितेतल्या निदानस्थानात गलगंड, म्हणजे गळ्याची गाठ, सांगितला, वाताचा, कफाचा, मेदाचा. तिथेच हेही लिहिलं की वर्ष उलटलेला, श्वास कोंडणारा, आवाज फुटलेला रोगी वैद्याने हाती घेऊ नये. अण्णा तो श्लोक आम्हाला म्हणून दाखवायचे. इथे हे खोकेवाले फोनवर हमी देतात.

आणि गलगंड म्हणजे हाशिमोटो नव्हे. मुग्धाच्या गळ्याला गाठही नाही. १९१२ साली हाकारू हाशिमोटो नावाच्या तरुण जपानी सर्जनने चार बायकांच्या काढलेल्या ग्रंथींमध्ये पांढऱ्या पेशींची गर्दी पाहिली आणि लिहून ठेवली. स्वतःच्याच पेशी ग्रंथीला खातात हे त्यानंतर कित्येक वर्षांनी कळलं. आजचे वैद्य त्याची सांगड आम (न पचलेल्या अन्नाचा दोष), मंदाग्नी, रसधातू यांच्याशी घालतात. मला ती पटते. पण ग्रंथीचा गेलेला भाग काढ्याने परत आलेला मी पाहिलेला नाही. मुग्धा म्हणते, गोळी मुळावर इलाज करत नाही. खरंय, ती फक्त उणीव भरते. पण उणीव भरायला नको का?

त्या कागदावर अश्वगंधाच्या अभ्यासाचा हवाला आहे. मी पुतण्याकडून तो काढून घेतला. २०१८चा, पन्नास माणसं, रोज ६०० मिलिग्रॅम, आठ आठवडे, आणि सगळी सौम्य त्रासाची. त्यांचा टीएसएच उतरला, छान झालं. त्यावरून मुग्धाची गोळी कशी सुटते? उलट अश्वगंधाने काहींचं थायरॉइड भलतंच वर गेल्याच्या नोंदी आहेत, यकृताला त्रास झाल्याच्याही. आणि शेवाळ! आधीच आयोडीनचं मीठ खाणाऱ्या पोरीला वर शेवाळाचं आयोडीन. हाशिमोटोत जादा आयोडीनने दुखणं चिघळतं.

त्या चूर्णाच्या विरेचनाचं, म्हणजे जुलाबाने शरीर शोधण्याचं, तर बोलूच नकोस. शरद ऋतू विरेचनाचा हे खरं, पण आधी तीन ते सात दिवस चढत्या मात्रेत तूप, मग अभ्यंग, स्वेदन, मग औषध, मग पेया, विलेपी (पातळ, मग दाट पेज) करत अग्नी पुन्हा उभा करायचा. वैद्य समोर हवा. पुडी फाडून पाण्यात ढवळली की पंचकर्म होतं का? ज्या विद्येसाठी अण्णा पहाटे उठून पाठ करायचे तिची ही दशा बघून माझ्या जिवाची आग होते.

तू एकदा म्हणाली होतीस की तुमचा आयुर्वेद म्हणजे मनगट धरून अंदाज, आणि मी तुझ्याशी बोलणं टाकलं होतं. मी अजूनही म्हणते तू चूक होतीस. म्हणूनच विनंती आहे, मुग्धाशी बोलताना आयुर्वेदाला नावं ठेवू नकोस, नाहीतर ती फोन आपटेल. फक्त रिपोर्टांचं बोल. बायोटिन त्या तपासणीत नेमकं कुठे शिरतं आणि आकडा कसा खाली दाखवतं, ते तू तिला शिकवल्यासारखं सांग. तुझ्यावर तिचा विश्वास आहे. मी दोन्ही रिपोर्टांचे फोटो तुला आज पाठवते.

आणि एक गोष्ट तुलाच सांगते. त्यांचं आता बाळाचं चाललंय. पहिल्या तीन महिन्यांत बाळाची स्वतःची ग्रंथी काम करत नसते, आईचंच थायरॉइड त्याच्या मेंदूला लागतं. टीएसएच ३१ वर दिवस राहिले तर? रात्री याच विचाराने डोळा लागत नाही.

गोळी सुरू झाली, डॉक्टरांनी डोस बसवला की मी स्वतः तिला पुण्याला रास्ता पेठेत ताराचंद आयुर्वेदिक रुग्णालयात घेऊन जाणार आहे. पोट, झोप, आहार, सगळं वैद्यांकडून रीतसर, दोन्हीकडचे कागद दोघांना दाखवून.

तुझ्या नव्या घराचा कब्जा मिळाला का? सूनबाईची बदली? बाळूचा निकाल लागला असेल, पेढे पोस्टाने चालतील. भाऊबीजेला जावईबापू नाशिकला बहिणीकडे येतायत, मुग्धा बरोबर आहे, त्यांना जेवायला बोलव. पण फोनसाठी भाऊबीजेपर्यंत थांबू नकोस, पत्र मिळेल त्याच दिवशी कर. ती साडेआठनंतर मोकळी असते. मी लिहिलंय म्हणून सांगितलंस तरी चालेल.

तुझीच,
सुमा