प्रात्यक्षिकाचे सॉफ्टवेअर विद्यार्थ्याला घरी नेता आले पाहिजे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रावेर-यावल भागातील एका महाविद्यालयात मी संख्याशास्त्र शिकवते. एका वर्षी प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या सायंकाळी प्रयोगशाळेतील संगणक सुरू केले, तर प्रत्येक पडद्यावर सॉफ्टवेअरच्या परवान्याची मुदत संपल्याची सूचना. रात्री उशिरापर्यंत बसून आम्ही सगळीकडे ‘आर’ हे संख्याशास्त्राचे मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर टाकले आणि परीक्षा वेळेवर झाली. पण वर्षभर वेगळ्याच आज्ञा गिरवलेल्या मुलांचे हात की-बोर्डवर अडखळताना पाहावे लागले, याचे शल्य अजून आहे.

परवान्याचे सॉफ्टवेअर प्रयोगशाळेच्या कुलुपात राहते. तास संपताच एसटी गाठणाऱ्या मुलांना घरी सराव करायचा, तर चोरून उतरवलेली प्रत हाच मार्ग उरतो आणि आम्ही शिक्षक तिकडे काणाडोळा करतो. हे योग्य नाही. याउलट ‘आर’, ‘ऑक्टेव्ह’ किंवा पायथॉन या संगणकभाषेतील ‘नमपाय’, ‘सायपाय’, ‘सायकिट-लर्न’ ही गणनेची मुक्त साधने पेन ड्राईव्हवरून कितीही जणांना उघडपणे देता येतात आणि नेहमीच्या प्रात्यक्षिकांपुरती जुन्या संगणकावरही चालतात.

मला पैशांहून मोलाचे वाटते ते या साधनांचे उघडेपण. एका विद्यार्थिनीने घरच्या बागेतील पाच केळीघडांची वजने आणली होती : १६, १८, २०, २२ आणि २४ किलो. प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती विखुरले आहेत याचे माप, ‘नमपाय’ने २.८३ दिले, ‘आर’ने ३.१६. तिला वाटले, आपलेच काही चुकले. आम्ही दोन्हींची माहितीपत्रे आणि मूळ आज्ञावली उघडून पाहिली, तेव्हा कळले की ‘नमपाय’ वेगळे न सांगितल्यास सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज, म्हणजे ४०, पाचाने भागते आणि ‘आर’ चाराने. समष्टी (सगळा समूह) आणि नमुना (त्यातील निवडक भाग) यांतील जो फरक मी फळ्यावर कितीदा तरी सांगितला होता, तो तिला त्या दिवशी उमगला. ज्या साधनाचे पोट उघडून पाहता येत नाही, त्याच्यापुढे ती केवळ आकडा उतरवून घेऊन उठली असती.

‘फुकट ते कमअस्सल’ हा समज मी कर्मचारी कक्षातही ऐकते. कृष्णविवराची २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेली पहिली प्रतिमा तयार करताना ‘नमपाय’ आणि आलेख काढणारे ‘मॅटप्लॉटलिब’ ही मुक्त साधने वापरली गेली होती. ‘आर’ तर ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोन अध्यापकांनी शिकवण्याच्या गरजेतूनच घडवले.

अडचणी आहेत. केळीच्या पानावरील करपा रोगाचे ठिपके संगणकाने छायाचित्रावरून ओळखायचे, तर त्यासाठीचे ‘टेन्सरफ्लो’ किंवा ‘पायटॉर्च’ हे सॉफ्टवेअर मोफत मिळेल; मात्र त्यावर ठिपके ओळखणारे मोठे प्रारूप (मॉडेल) शिकवून तयार करायला ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक लागेल आणि तो विकतच घ्यावा लागेल. शिक्षकांनाही नव्याने शिकावे लागेल. त्यासाठी आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे अनेक पाठ मराठी निवेदनासह उपलब्ध आहेत आणि ते उतरवून घेतले की इंटरनेटविना पाहता येतात.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील प्राचार्यांना आणि अभ्यास मंडळांवरील सदस्यांना माझी विनंती आहे, की प्रात्यक्षिकांच्या यादीत एकाच विकत्या सॉफ्टवेअरचे नाव घालू नये, कोणती गणना यायला हवी ते लिहावे आणि मुक्त साधनावर सोडवलेल्या उत्तराला पूर्ण गुण देण्याची स्पष्ट सूचना परीक्षकांना द्यावी.

आपली,
एक संख्याशास्त्र शिक्षिका, जि. जळगाव