निर्णयाखाली सही कोणाची? लेकीला पत्र

परळ, मुंबई

चि. मानसी,
अनेक आशीर्वाद.

तुझा साथीच्या आराखड्याचा मसुदा मिळाला. बाबांनी सवयीने लाल पेन घेऊन शुद्धलेखन तपासलं, मी मजकूर वाचला. "आई, तू कोविडच्या दोन्ही लाटांत आयसीयूत नर्स होतीस, तुला काय वाटतं ते सांग," असं तू फोनवर म्हणालीस. फोनवर मला असलं काही धड बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसले. लांबेल, सावकाश वाच.

पुढची साथ यायच्या आधीच बेड, ऑक्सिजन, व्हेंटिलेटर कोणाला आधी मिळणार हे तुमचा पीएसएम, म्हणजे रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र, विभाग ठरवून ठेवतोय, हे फार बरं झालं. आमच्याकडे तसं काही ठरलेलं नव्हतं. एप्रिल २०२१ आठव. ऑक्सिजन संपत आला म्हणून पालिकेने सहा रुग्णालयांतले १६८ रुग्ण रातोरात दुसरीकडे हलवले, त्याच दिवसांतली गोष्ट. माझी नाइट होती. पहाटे एक पेशंट गेला आणि एक व्हेंटिलेटर मोकळा झाला. बायपॅपवर, म्हणजे मास्कमधून श्वासाला मदत करणाऱ्या मशिनवर, दोघं दमत आले होते: एक सत्तरी पार केलेले गिरणी कामगार, दुसरा चाळिशीच्या आतला रिक्षावाला. दोघांचंही सॅच्युरेशन ऐंशीच्या खाली. युनिटचे सर फोनवर होते, पण आवाज तुटत होता. रेसिडेंट डॉक्टर तुझ्या आताच्या वयाचा. पीपीईच्या आत घामाने भिजलेला, चष्म्यावर वाफ. तो दोन्ही बेडच्या मध्ये उभा राहिला, मग मला म्हणाला, "सिस्टर, चौदा नंबर." चौदा म्हणजे रिक्षावाला.

पुढे दोघांचं काय झालं ते मुद्दाम लिहीत नाही. शेवट कळला की आपण त्यावरून निर्णय जोखायला लागतो, आणि शेवट काही त्या मुलाच्या हातात आधी आलेला नव्हता. मला वेगळंच दिसलं. म्हाताऱ्या गिरणी कामगाराच्या पेपरवर त्याने लिहिलं, 'व्हेंटिलेटर उपलब्ध नाही'. खोटं नव्हतं. पण व्हेंटिलेटर होता आणि तो दुसऱ्याला दिला गेला, हे त्या कागदावर कुठेच नव्हतं. केस पेपरवर लघवीचं माप लिहायला रकाना असतो, अशा निर्णयाला नसतो. आणि खाली गेटवर त्या म्हाताऱ्याच्या मुलाला कोणी सांगितलं, माहिती आहे? सिक्युरिटीवाल्याने.

म्हणून तुझ्या मसुद्यावर माझं पहिलं भांडण हे. व्हेंटिलेटरचा निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरने घ्यायचा नाही, वेगळ्या समितीने घ्यायचा, हे तू लिहिलंयस. पण पार मागे, परिशिष्टात. ते पहिल्या पानावर आण. ज्याच्या हाताखाली पेशंट आहे त्याला पेशंटच्या बाजूने भांडायची मुभा हवी. रात्री तीन वाजता सव्वीस वर्षांच्या पोराला न्यायाधीश करायचं, आणि मग महिनाभर तो डबा उघडून नुसता बसून राहतो म्हणून समुपदेशक बोलवायचा, हा उलटा कारभार झाला. समितीत त्या रात्री कोण होतं त्यांची नावं कागदावर यायला हवीत. आणि 'तुमच्या माणसाला मिळालं नाही' हे नातेवाइकाला सांगायला त्यातलाच एक जण खाली उतरायला हवा. समोर उभं राहून सांगता येणार नाही असा निकष तुमच्या यादीत असेल, तर तो आत्ताच काढून टाका.

आता गुणांबद्दल. कोणता अवयव किती बिघडलाय ते मोजणारा सोफा स्कोअर तू घेतला आहेस: फुप्फुस, प्लेटलेट, बिलिरुबिन (यकृत), रक्तदाब, शुद्धी, क्रिएटिनिन (मूत्रपिंड). आकडे आले की वशिला जातो, हे मला मान्य आहे. वॉर्डनिहाय वॉर रूम झाल्या, बेड तिथूनच मिळायला लागले, तेव्हा आमच्या मजल्यावर 'साहेबांचा माणूस आहे' असे फोन बरेच कमी झाले. पूर्ण थांबले म्हणणार नाही. पण गोवंडीतल्या बाईचं क्रिएटिनिन आधीपासूनच वाढलेलं असतं, कारण दहा वर्षं शुगरची गोळी कधी घेतली, कधी नाही. तिला आयुष्यभर वेळेवर दवाखाना मिळाला नाही, आणि शेवटच्या रांगेत तुझा तक्ता त्यासाठीच तिला मागे ढकलतो. यावर उपाय काय, ते तुम्ही शिकलेल्यांनी शोधा. निदान जुना आजार आणि या साथीने झालेलं नुकसान वेगळं मोजता येतं का, एवढं तरी बघा.

वयाच्या मुद्द्यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत. इटलीतल्या अतिदक्षता डॉक्टरांच्या संघटनेने मार्च २०२० मध्ये सरळ लिहिलं होतं की वेळ आली तर आयसीयूसाठी वयाची मर्यादा घालावी लागेल. बाबांना ते पटतं. "मी अडुसष्ट पार केली, माझा व्हेंटिलेटर खुशाल तरुणाला द्या," असं चहा पिता पिता म्हणतात. स्वतःचा द्यायला माणूस मोकळा आहे. शेजारच्या खोलीतल्या आजींचा त्यांना विचारल्याशिवाय देऊन टाकायचा अधिकार बाबांना कोणी दिला? दोघांची जगण्याची शक्यता अगदी सारखी असेल तेव्हाच वय बघावं, त्याआधी नाही, असं माझं मत. तू कोणाच्या बाजूने आहेस ते मसुद्यातून कळत नाही. गुळमुळीत लिहिलंयस.

लावलेला व्हेंटिलेटर काढून दुसऱ्याला देण्याबद्दल तू न्यूयॉर्कच्या २०१५ च्या नियमावलीचा दाखला दिला आहेस, ४८ आणि १२० तासांनी फेरतपासणी. परळच्या नर्सपुढे हा विषय काढला की तिला अरुणा शानबाग आठवणारच, केईएम रुग्णालयातली नर्स, हल्ल्यानंतर अखेरपर्यंत भानावर न आलेली. ४२ वर्षं केईएमच्या सिस्टरांनी तिला सांभाळलं, आणि २०११ मध्ये तिचं अन्न थांबवायच्या मागणीवर सुप्रीम कोर्टात सुनावणी झाली तेव्हा त्याच सिस्टरांनी ठाम नकार दिला. तिची गोष्ट वेगळी, तिथे दुसरं कोणी रांगेत नव्हतं. पण हात तोच असतो गं. न लावणं आणि लावलेलं काढणं, पुस्तकात दोन्ही एकच असेल; नळी काढणाऱ्याला ते एक वाटत नाही. तुमची फेरतपासणी ठेवायचीच असेल तर लावायच्या आधी घरच्यांना सांगा: दोन दिवस बघू, मग पुन्हा ठरवू. तिसऱ्या दिवशी अचानक सांगाल तर तो विश्वासघातच वाटेल.

संमतीचा भाग तू दोन ओळींत उरकलास. तो मला सगळ्यात जड वाटतो. आमच्याकडे संमती व्हॉट्सॲपवर यायची. घरचे सगळे क्वारंटाइन, मग फॉर्मचा फोटो पाठवायचा आणि पलीकडून 'ओके' यायचं. एकदा टोसिलिझुमॅब इंजेक्शनच्या फॉर्मवर दहावीतल्या मुलीचं 'ओके' आलं, कारण घरात इंग्रजी वाचता येणारी तीच. या 'ओके'ला काय म्हणायचं? आणि रेमडेसिविर! जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच ते नको असा सल्ला दिला होता. बऱ्या झालेल्यांच्या रक्तातून काढलेल्या प्लाझ्माचंही तेच. आयसीएमआरच्या चाचणीत फायदा दिसला नव्हता, तरी देशाच्या उपचार यादीतून तो बाहेर पडायला मे २०२१ उजाडला. मधल्या काळात चिठ्ठ्या लिहिल्या जातच होत्या. लोक मंगळसूत्र गहाण टाकून काळ्या बाजारातून इंजेक्शन आणत. डॉक्टरांनाही काहीतरी करतोय असं दिसायला हवं होतं, नातेवाइकांनाही. 'याचा उपयोग नाही, आणू नका' हे म्हणायला हिंमत लागते, आणि ते म्हणणाऱ्याच्या पाठीशी रुग्णालय उभं राहील असं तुमच्या आराखड्यात लेखी हवं.

हे नवीन आहे असं समजू नकोस. आपल्या परळच्या हाफकिन संस्थेवरून तू लहानपणी रोज शाळेत जायचीस. प्लेगच्या वेळी, १० जानेवारी १८९७ ला, ती संस्था ज्याच्या नावाची त्या शास्त्रज्ञ हाफकिनने प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. ते बरोबरच केलं. मग महिनाअखेरीला भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला आणि जे कैदी तयार झाले त्यांना टोचली. लस चालली, माणसं वाचली. पण आजूबाजूला माणसं मरत असताना कोठडीतला माणूस 'हो' म्हणतो, तेव्हा त्यातलं किती त्याचं आणि किती भीतीचं? आमच्या गेटबाहेर उभा असलेला नातेवाईकही फार वेगळा नव्हता.

त्याच प्लेगमध्ये, ऑक्टोबर १८९६ ला, गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर, म्हणजे आजच्या कस्तुरबावर, हल्ला केला होता. तिथे नेलेला माणूस परत येत नाही, अशी त्यांची खात्री झाली होती. पुढच्या फेब्रुवारीत साथरोग कायदा आला, घरात घुसून झडत्या सुरू झाल्या. तोच कायदा २०२० मध्ये आपण पुन्हा काढला. मार्चमध्ये लोकांच्या डाव्या हातावर होम क्वारंटाइनचे शिक्के मारले. तसा शिक्का असलेल्या प्रवाशांना पालघरला गाडीतून उतरवलं गेलं, ते तुला आठवत असेल. शिक्क्याने शेजारी सावध झाले, पण ज्याला लक्षणं होती तो तपासणीला जायला घाबरायला लागला. धारावीत उलट केलं: तिथल्याच खासगी दवाखान्यांतले डॉक्टर बरोबर घेतले, लोक ज्यांना आधीपासून ओळखत होते. रमजानात विलगीकरणातल्यांच्या जेवणाच्या वेळा सांभाळल्या. धाक दाखवून माणूस एकदा येतो, दुसऱ्यांदा लपतो.

मोजणीवर तुझ्याकडे काहीच नाही, याचं मला नवल वाटलं. जुलै २०२० च्या सेरो, म्हणजे रक्ततपासणीच्या, सर्वेक्षणात मुंबईच्या तीन वॉर्डांतल्या वस्त्यांत ५७ टक्के लोकांत प्रतिपिंडं, म्हणजे लागण होऊन गेल्याची खूण, सापडली, इमारतींत १६ टक्के. एक संडास ऐंशी जणांत असेल तर अंतर कुठून ठेवणार? आणि लस आली ती ॲपवर. वस्तीतल्या केंद्रावर सकाळी गाड्यांतून माणसं उतरायची, कारण वेगवान इंटरनेट त्यांच्याकडे. पालिकेने ज्येष्ठांना नोंदणीशिवाय येऊ दिलं ते नंतर. मृत्यूंचंही तसंच. १६ जून २०२० ला मुंबईच्या यादीत ८६२ मृत्यू एकदम वाढले. माणसं आधीच गेलेली, यादीत तेव्हा आली. उशिरा का होईना, मांडले हे चांगलं केलं. पण आधी ते दिसले असते तर बेडची तयारीही आधी झाली असती. आणि टीबी? २०१९ मध्ये देशात सुमारे २४ लाख रुग्णांची नोंद झाली, २०२० मध्ये १८ लाखांची. सहा लाख काही बरे झाले नव्हते, ते घरी खोकत होते. तुमच्या आराखड्यात साथ सुरू झाली की बाकीचे सगळे विभाग 'आवश्यकतेनुसार बंद' असं एक वाक्य आहे. ते वाक्य लिहिणाऱ्याला एकदा शिवडीच्या टीबी रुग्णालयात पाठव.

शेवटी आमच्या मावशींबद्दल, म्हणजे वॉर्डातल्या सफाई आणि मदतीच्या बायकांबद्दल. जानेवारी २०२१ मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांना लस सुरू झाली तेव्हा कंत्राटी मावशींची नावं पहिल्या यादीत नव्हती, कारण त्या ठेकेदाराच्या मस्टरवर. कोविड वॉर्डातल्या बेडपॅन त्यांनी उचलल्या, आणि मजल्यावर कधी न फिरकलेले कारकून आधी टोचून आले. आम्ही सिस्टर लोकांनी मेट्रनकडे, म्हणजे मुख्य परिचारिकेकडे, अडून बसून नावं घालून घेतली. तुझ्या मसुद्यात 'आरोग्य कर्मचारी' लिहिलंयस, तिथे सफाई, कंत्राटी, आरोग्य सेविका, ॲम्ब्युलन्सचे ड्रायव्हर असं फोडून लिही. त्यांना किट देणार नसाल तर कामाला बोलावू नका, हेही.

तुमच्या समितीत सगळे डॉक्टर आहेत. एक सिस्टर घ्या आणि एक वस्तीतलं माणूस, जो मीटिंगमध्ये 'समजलं नाही' म्हणायला लाजणार नाही. सर नाराज होतील, होऊ देत.

दिवाळीला महालक्ष्मीचं तिकीट काढलंस का? वेटिंग वाढायच्या आत काढ. सुधारलेला मसुदा बरोबर आण. या वेळी बाबा वयाच्या मुद्द्यावर तयारी करून बसलेत, लायब्ररीतून काहीबाही आणून वाचतायत. त्यांच्याशी तूच भांड, मी स्वयंपाकघरात आहे.

तुझी,
आई