चुन्याची पुडी आणि पोरांचे डोळे

संपादक महोदय,
गेल्या महिन्यात शेजारच्या चार वर्षांच्या पोरानं आजोबांची तंबाखूच्या चुन्याची पुडी खेळता खेळता दाबली, ती फुटली आणि चुना सरळ उजव्या डोळ्यात. घरात एकच गोंधळ, कोण म्हणतं दूध घाला, कोण तूप, आणि यातच दहा मिनिटं गेली हो! चुना म्हणजे अल्कली, तो ॲसिडपेक्षा घातक, कारण ॲसिडनं वरचा थर गोठतो आणि पुढं जाणं बरंचसं अडतं, चुना मात्र आत आत शिरत राहतो, बुबुळ पांढरं पडतं. अशा वेळी पहिलं औषध म्हणजे साधं नळाचं पाणी. पापण्या बोटांनी उघड्या धरून, पोरगं कितीही रडलं तरी, निदान अर्धा तास सलग धुवायचं आणि मगच रिक्षा शोधायची. लिंबू वगैरे तर अजिबात नको. डॉक्टरांनी त्याची वरची पापणी उलटवली तेव्हा खाली चुन्याचे बारीक कण चिकटलेले होते, ते काढल्याशिवाय जळणं थांबत नाही. त्याला अजून त्या डोळ्यानं अंधुकच दिसतं. पुडीवर ठळक अक्षरात इशारा छापायची सक्ती करा, आणि तोवर आजोबांनो, चुना फडताळात वर ठेवा.
– एक वाचक, सोलापूर