हेलिकॉप्टर चालेल, पायलट नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कुठे भूकंप झाला, चक्रीवादळ आलं की दोन दिवसांत पेपरात तोच फोटो असतो. मालवाहू विमानाचं मागचं दार उघडंय, माल बांधलेली पॅलेट उतरतायत, शेजारी गणवेशातले जवान, वर झेंडा आणि खाली मोहिमेचं नाव, मैत्री, दोस्त, ब्रह्मा. फोटो बघून मलाही बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण माझी तीस-बत्तीस वर्षं कस्टम क्लिअरिंगच्या धंद्यात गेली, लोकांचा माल शेडमधून सोडवणं हेच काम, त्यामुळे माझी नजर झेंड्यावरून लगेच त्या पॅलेटवर जाते आणि डोक्यात येतं की हे आता कोण उचलणार, कागदावर सही कोणाची, आणि ज्या गावात न्यायचंय तिथली वाट कोणाला माहितीये? विमान उतरलं की आपल्यासाठी बातमी संपते, पण माल अजून धावपट्टीवरच असतो.

नेपाळचंच घ्या. २५ एप्रिल २०१५, ७.८ तीव्रता, जवळजवळ ९ हजार माणसं गेली. आपली विमानं त्याच दिवशी पोचली, मग जगभरातून रांग लागली, आणि काठमांडूत आंतरराष्ट्रीय धावपट्टी एकच. जड विमानं उतरून उतरून तिला तडे जायला लागले तेव्हा मोठ्या विमानांना बंदीच घालावी लागली. इकडे विमानतळावर माल तुंबलेला आणि कस्टमवाले नेहमीच्या पद्धतीने एकेक खोका तपासतायत, शेवटी संयुक्त राष्ट्रांच्या मदतकार्य प्रमुख व्हॅलरी एमॉस यांना नेपाळच्या पंतप्रधानांकडे जाऊन सांगावं लागलं की अहो, आपत्तीत मदतीचा माल झटपट सोडायचा असा करार तुम्ही २००७ मध्येच आमच्याशी केलाय. म्हणजे कागद होता! आठ वर्षं होता. पण काउंटरवर बसलेल्या माणसापर्यंत तो पोचलाच नसावा, कारण वरून कितीही आदेश निघू दे, सही करणाऱ्याला लेखी काही दिसत नाही तोवर तो माल सोडत नाही, आणि मी त्याला दोषही देणार नाही, उद्या चौकशी लागली तर मान त्याचीच अडकते.

उलट एक गोष्ट तिथेच चांगली झाली होती जिच्याबद्दल कोणी बोललं नाही. भूकंपाच्या जेमतेम महिनाभर आधी त्याच विमानतळाजवळ मदतीचा माल उतरवून लावायला खास जागा तयार करून ठेवलेली होती, जागतिक अन्न कार्यक्रमाने. साधं कुंपण, गोदाम, माल वेगळा करायची सोय. ती नसती तर काय झालं असतं याची मला कल्पना करवत नाही. असल्या कामाचा फोटो येत नाही ना.

अजून एक आकडा, जो मला अजून पचलेला नाही. परदेशांतून दोन हजारांवर बचावकर्मी आले, श्वानपथकं आली, आणि या सगळ्या पथकांनी मिळून ढिगाऱ्यातून जिवंत काढलेली माणसं होती १६. हे वाचून कोणी म्हणेल पथकं कुचकामी, तसं अजिबात नाही, त्यांनी जीव तोडून काम केलं. पण ढिगाऱ्याखालच्या माणसाकडे वेळ असतो तासांचा, आणि व्हिसा, विमान, धावपट्टी, ट्रक यात दिवस जातात. बाकी हजारो लोकांना कोणी काढलं? शेजाऱ्यांनी, नेपाळच्या सैनिकांनी आणि पोलिसांनी, गल्लीतल्या पोरांनी, हातात मिळेल त्या पहारीने.  

आता शेजाऱ्यांच्या भांडणाचं. ८ ऑक्टोबर २००५ ला काश्मीरात ७.६ तीव्रतेचा भूकंप झाला, पाकिस्तानच्या ताब्यातल्या भागात आणि लगतच्या प्रांतात मिळून ७३ हजारांवर मृत्यू, आपल्या बाजूलाही हजाराच्या वर. डोंगरातले रस्ते दरडींनी बंद, पुढे बर्फ पडायचा, म्हणजे हेलिकॉप्टरशिवाय पर्याय नाही. आपण हेलिकॉप्टर देऊ केली. पाकिस्तान म्हणालं हेलिकॉप्टर चालतील पण तुमचे पायलट नकोत. आपण म्हणालो आमचं मशीन आमच्याच माणसांसोबत उडेल. दोघांचंही त्यांच्या त्यांच्या जागी बरोबर होतं बघा, कुठलंही लष्कर असंच वागेल, फक्त हेलिकॉप्टर काही उडालं नाही. तंबू, ब्लँकेट, औषधं गेली, ताबारेषेवर पाच ठिकाणी वाट उघडायचं ठरलं, पण पहिली उघडली ती ७ नोव्हेंबरला, बरोबर एक महिना लागला. त्याआधी २००१ मध्ये भूजच्या वेळी पाकिस्तानातून तंबू आणि ब्लँकेट घेऊन विमानं आली होती, म्हणजे द्यायची इच्छा दोन्हीकडे होती. माझं म्हणणं एवढंच की पायलट कोणाचा, सोबत यजमान देशाचा अधिकारी बसणार का, कुठल्या पट्ट्यात उडायचं आणि कुठे नाही, कॅमेरे बंद ठेवायचे का, हे प्रश्न भूकंपानंतर चौथ्या दिवशी टीव्हीसमोर सुटत नसतात, ते एखाद्या निवांत वर्षी बंद खोलीत बसून लिहून ठेवायचे असतात.

अविश्वास कुठपर्यंत जातो ते म्यानमारने २००८ मध्ये दाखवलं. २ मे ला नर्गिस चक्रीवादळ इरावतीच्या खोऱ्यात घुसलं, मृत आणि बेपत्ता मिळून सुमारे १ लाख ३८ हजार. अमेरिकेची, फ्रान्सची, ब्रिटनची जहाजं हेलिकॉप्टरांसकट किनाऱ्याबाहेर उभी होती आणि लष्करी राजवटीने त्यांना आत येऊ दिलं नाही. त्यात फ्रान्सच्या परराष्ट्रमंत्र्यांनी तुम्ही नाही म्हणालात तरी आम्हाला मदत पोचवायचा अधिकार आहे अशी भाषा केली, झालं, आधीच घाबरलेल्या जनरल लोकांनी दार अजून घट्ट लावलं. शेवटी जहाजं परत गेली. आपल्या नौदलाची दोन जहाजं मात्र सामान घेऊन थेट यांगूनला लागली, कारण आधीपासून बोलणं होतं.

मग तिढा सुटला कसा, तर आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेमुळे, म्हणजे आसिआनमुळे. महिना संपता संपता आसिआन, म्यानमार सरकार आणि संयुक्त राष्ट्रं असा तिघांचा गट यांगूनमध्ये बसला, व्हिसा, प्रवासाचे परवाने, कोणी कुठे जायचं हे तिथे ठरायला लागलं. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर क्लिअरिंग एजंट! आयात करणारा आणि कस्टम एकमेकांकडे संशयाने बघतात तेव्हा दोघांना चालेल असा तिसरा माणूस कागद घेऊन मध्ये उभा राहतो. आसिआनने तेच केलं, फक्त चार आठवडे उशिरा.

आणि त्याच देशात तिथल्याच माणसांचं काय झालं बघा. झरगनार म्हणून तिथले फार लोकप्रिय विनोदी कलाकार, त्यांनी कलाकार मंडळी जमवून बोटीतून मदत नेली आणि परदेशी माध्यमांना सांगितलं की लोकांपर्यंत काही पोचत नाहीये. अटक झाली, ५९ वर्षांची शिक्षा. नंतर ती ३५ वर केली आणि २०११ मध्ये सोडलं. सरकारं, लष्करं, स्वयंसेवी संस्था यांचं सहकार्य असा शब्द परिषदांमध्ये फार गोड वाटतो, पण तिघांच्या हातात सारखी ताकद नसते हे तिथे कोणी बोलत नाही.

लष्कराबद्दल माझ्या मनात काही आकस नाही. पूल टाकायला, रात्रीतून हजार माणसं हलवायला, तुटलेल्या धावपट्टीवर विमान उतरवायला दुसरं आहेच कोण आपल्याकडे. ओस्लो मार्गदर्शक तत्त्वं म्हणून एक आंतरराष्ट्रीय कागद १९९४ पासून आहे, तो म्हणतो परदेशी लष्कराची मदत शेवटचा पर्याय म्हणून घ्या, नागरी पर्याय नसेल तेव्हाच. आशियात हे वाचून हसू येतं कारण इथे पहिला फोनच लष्कराला जातो. पण त्या नियमामागची भीती खरी आहे, जिथे लढाई चालू आहे तिथे मदतवाला गणवेशासोबत दिसला की दुसऱ्या बाजूसाठी तो शत्रू ठरतो. म्यानमारमध्ये २८ मार्च २०२५ च्या भूकंपानंतरही हवाई हल्ले थांबले नव्हते आणि चिनी रेड क्रॉसचा मदतीचा ताफा येताना तिथल्या सैन्याने गोळ्या झाडल्या, वर स्पष्टीकरण असं की आम्ही इशारा म्हणून झाडल्या.

१९९१ चं बांगलादेशचं उदाहरण मला या बाबतीत आवडतं. २९ एप्रिलच्या चक्रीवादळात सुमारे १ लाख ४० हजार माणसं गेली, अमेरिकी नौदलाचा ताफा आखातातून परत चालला होता तो इकडे वळवला. त्यांनी काय केलं, बहुतेक सगळे जहाजावरच राहिले, हेलिकॉप्टरने आणि छोट्या बोटींनी माल किनाऱ्यावर आणून द्यायचा आणि पुढे वाटप बांगलादेशच्या सैन्याचं आणि संस्थांचं. पाहुण्याने काम करावं पण रात्री घरात पथारी पसरू नये, तसं काहीसं.

पण बांगलादेशात खरा बदल अमेरिकेच्या जहाजांनी झालेला नाही. १९७० च्या भोला चक्रीवादळात ३ ते ५ लाख माणसं गेली, त्यानंतर सरकार आणि रेड क्रिसेंट यांनी मिळून चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रम उभा केला, आज त्यात ७६ हजारांवर स्वयंसेवक आहेत, निम्म्या बायका. आधी बहुतेक पुरुषच होते तेव्हा घरातल्या बायका परक्या माणसाच्या हाकेवर बाहेर पडायच्या नाहीत, हे कुठल्या उपग्रहाला दिसणार होतं? सिग्नल आला की झेंडा लावायचा, मेगाफोन घेऊन दारोदार फिरायचं, म्हाताऱ्यांना उचलून निवाऱ्यात न्यायचं. २०२० मध्ये अम्फान आलं, तेही कोरोनात, वीस लाखांवर लोक हलवले आणि मृतांचा आकडा दोन अंकी राहिला. आणि हा सिग्नल ज्या अंदाजांवर निघतो ते दिल्लीतलं प्रादेशिक केंद्र सगळ्या शेजारी देशांना पुरवतं. म्हणजे भारताच्या हवामान खात्याचा अंदाज आणि बांगलादेशातल्या गावातल्या बाईचा मेगाफोन, साखळी अशी पूर्ण होते.

गंमत बघा, या भागातले १३ देश मिळून चक्रीवादळांची नावं ठरवतात, २०२० मध्ये प्रत्येकी १३ प्रमाणे १६९ नावांची यादी निघाली, भारत, पाकिस्तान, इराण, म्यानमार, सौदी, सगळे एका यादीत. वादळ कुठल्याही देशात जाऊ दे, नावाचा नंबर ठरलेला. नावावर एकमत होतं आणि बचावपथकाच्या व्हिसावर होत नाही! सार्कने, म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेने, आपत्तीत झटपट मदतीचा करार २०११ मध्ये केला, तो लागू व्हायला २०१६ उजाडलं, आणि शिखर परिषद २०१४ नंतर झालेलीच नाही. आसिआनने २०११ मध्येच जकार्ताला समन्वय केंद्र काढलं, मलेशियात सामानाचं गोदाम भरून ठेवलं. तेही सर्वशक्तिमान नाहीत, पण फोन उचलायला माणूस तर आहे.

कुलूप उघडायला मैत्रीच लागते असंही नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानात भूकंप झाला तेव्हा आर्मेनियाच्या सीमेवरचा पूल तीस वर्षांत पहिल्यांदा उघडला, पाच ट्रक गेले. पण त्याच भूकंपात वायव्य सीरियासाठी संयुक्त राष्ट्रांना एकाच सीमानाक्याची परवानगी होती, तिकडचा पहिला ताफा चौथ्या दिवशी पोचला आणि अजून दोन नाके उघडायला आठवडा गेला. तोवर व्हाइट हेल्मेट्स या बचाव संघटनेचे स्थानिक स्वयंसेवक त्यांच्याकडे होत्या त्या तुटपुंज्या यंत्रांनी खणत होते.

बिमस्टेक, म्हणजे बंगालच्या उपसागराभोवतालच्या देशांचा गट, त्यांचे आपत्ती सराव २०१७ मध्ये दिल्लीत, २०२० मध्ये ओडिशात झाले, असे सराव अजून व्हावेत. माझी एक सूचना आहे, हसाल कदाचित. पुढच्या सरावात इमारतीवरून दोर सोडून माणूस उतरवायचा डेमो जरा कमी करा. त्याऐवजी रविवारी रात्री अकरा वाजता एक पॅलेट आणा, त्यात सॅटेलाइट फोन ठेवा ज्याला परवाना लागतो, मुदत संपत आलेली औषधं ठेवा, लेबल तिथे कोणाला न वाचता येणाऱ्या भाषेत, एक कागद मुद्दाम कमी ठेवा, सोबत दोन डॉक्टर आणि त्यातल्या एकाचा व्हिसा नाही. समोर खरा कस्टम अधिकारी बसवा, खरा इमिग्रेशनवाला, लष्कराचा मेजर, आणि जिथे माल जायचाय त्या गावची स्वयंसेवक बाई, प्रेक्षकांत नाही, टेबलावर. आणि घड्याळ लावून बघा, माल बाईच्या हातात पडायला किती तास लागतात.

आपला,
कस्टम क्लिअरिंगमधून निवृत्त झालेला एक वाचक