असिरियन शिल्पांतली चूल

‘असिरियाचे रक्तरंजित शिल्पपट’ हा रविवार पुरवणीतील लेख वाचला. त्यात वेढे आणि सिंहांची शिकार आली, चूल मात्र राहून गेली. असिरिया म्हणजे आजच्या उत्तर इराकमधले प्राचीन साम्राज्य; त्याची राजधानी असलेल्या निमरूद येथील राजा दुसऱ्या अशुरनासिरपालाच्या (इ.स.पू. ८८३–८५९) राजवाड्यातला लष्करी तळाचा पट ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. गोल तटबंदी वरून पाहिल्यासारखी, तिचे चार भाग आणि त्यांत स्वयंपाकाची धांदल. कोणी मांस कापतोय, कोणी भांड्यांपाशी उभा आहे. बाहेर मोतद्दार घोड्याला खरारा करतोय! शिल्पकाराने माणसे बाजूने पाहिल्यासारखी दाखवली आणि तळ मात्र नकाशासारखा. राजाच्या पराक्रमासाठी घडवलेल्या भिंतीवर आचाऱ्यांनाही जागा मिळाली होती. लेखात त्यांना दोन ओळी मिळायला हरकत नव्हती.

– एक वाचक, सातारा