दोन पोल म्हणजे आपली एक साखळी

कराड,
रविवार, दुपार

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

परवा फोन मीच आपटला. आईला सांगितलं की रेंज गेली. "साडेतीनशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाच्या जमिनीपायी डिसेंबरात घरी येत नाहीस" असं मी बोलायला नको होतं. आणि बोलणारा कोण, तर ज्याची 34 वर्षं लोकांच्या बांधावर साखळी ओढण्यात गेली तो.

खोकला कसा आहे? एवढंच विचारतो. पुढे त्याचं नाव काढणार नाही.

तुझा मसुदा दोनदा वाचला. बंडूनं मोठ्या अक्षरात छापून आणून दिला. शेवटी मॅडमचा शेरा आहे, माहिती भरपूर, पण म्हणणं काय? तू त्यावर रडलीस असं आई म्हणाली. सई, शेरा बरोबर आहे गं. 1621 ला 'जेम्स' जहाजातून आफ्रिकी अंतोनियो अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतीत, व्हर्जिनियात उतरला, 1622 ला तिथल्या मूळ रहिवाशांनी केलेल्या हल्ल्यातून वाचला, मेरीशी संसार थाटला, अँथनी जॉन्सन झाला, 1651 ला वसाहतीत पाच माणसं आणल्याच्या हिशेबानं माणशी 50 म्हणजे 250 एकर मिळवले, मग आग लागली, मग मेरीलँड, मग 1670 ला वारला. हा झाला सातबारा. दावा कुठाय? आमच्याकडे मोजणीला येणारा 'माझं शेत आहे' एवढंच सांगायला येत नाही. शेजाऱ्यानं चार गुंठे दाबलेत, हे सांगायला येतो. शेजारी 'साफ खोटं' म्हणून ओरडेल असं एक वाक्य तुझ्या पहिल्या पानावर पाहिजे.

ते वाक्य तुझ्याजवळ आहे, पण अकराव्या पानावर लपलंय. 1643 च्या कायद्यानं आफ्रिकी बायकांवर कर बसवला, इंग्रज बायकांवर नाही. आणि दहा वर्षांनी, आग लागल्यावर, तिथल्याच कौंटी कोर्टानं मेरीला आणि दोन्ही मुलींना तो माफ केला. का? तीस वर्षं तिथं राहिलेली माणसं, सगळ्यांच्या ओळखीची, राबणारी. पुढे 1670 ला, तो गेल्यावर, ज्यूरी म्हणते की हा निग्रो, म्हणजे परका, सबब जमीन जप्त होऊ शकते. मधल्या सतरा वर्षांत काय झालं? 1662 चा कायदा, मूल आईच्या वाटेनं गुलाम. 1667 चा, बाप्तिस्मा घेतला तरी सुटका नाही. माझ्या अडाणी मतानं तुझा दावा असा निघतो: रंगानं पहिल्या दिवसापासून सगळं ठरवलं नव्हतं. गावातली ओळख चालत होती तोवर जमीन टिकली. एकेका कायद्यानं ती ओळख निकामी केली. चुकीचं असेल तर सोडून दे.

पण कॅसरला तळटीपेत का ढकललास? जॉन्सनकडे राबणारा काळा जॉन कॅसर म्हणतो, मी सात-आठ वर्षांच्या करारावर आलो. जॉन्सन म्हणतो, जन्माचा माझा. 1655 ला कोर्ट गोऱ्या पार्करकडून त्याला काढून जॉन्सनच्या हवाली करतं. तुला जॉन्सन आवडलाय, म्हणून झाकलंस ना? नावडता कागद आपणच आधी टेबलावर ठेवावा. शिवाय तो तुझ्याच बाजूचा आहे, कोर्ट त्या दिवशी मालकी बघतंय, कातडी नाही. वाईट वाटतं ते वाटू दे. कागद काही माणसाला साजरं करण्यासाठी लिहिलेला नसतो. नोंद कुणी घातली, कुणाच्या सांगण्यावरून, त्यात कुणाचं पोट भरलं, हे दर ओळीला...

झालं माझं सुरू. माफ कर. इंजिनिअरिंग सोडलंस तेव्हाही असंच दोन तास बोललो होतो, आणि तू तेव्हाही ऐकलं नाहीस. बरंच झालं.

तिकडच्या, ईस्टव्हिल कोर्टातल्या वहीचा फोटो मी सगळ्यांना दाखवला. 1632 पासूनच्या कोर्टाच्या नोंदी सलग आहेत म्हटल्यावर देशपांडे गप्पच झाले. पण त्या खाडीवरून भर पावसात जायची काय गरज होती? तिथूनच धरलाय खोकला. रेनकोट आईनं दिला होता तो कपाटातच असणार.

तू सात वर्षांची असशील. आई कोल्हापूरला होती, म्हणून तुला कचेरीत नेलं होतं. लाल फडक्यातल्या गठ्ठ्यांवर बसून तू शिंकत होतीस, आणि एका कागदावर बोट ठेवून विचारलंस, "बाबा, हा अंगठा कुणाचा?" हक्कसोडपत्र होतं. मी म्हणालो, कुणाचा का असेना. तो आक्काचा होता. मळ्याचा. आप्पांनी वाचून दाखवलं नव्हतं तिला, आणि मी तिथंच उभा होतो. पुढचं तुला ठाऊकच आहे. तिचाही असाच कोरडा होता, मृगात धरला आणि आम्ही दिवाळीपर्यंत काढे देत बसलो.

नाव काढणार नव्हतो.

नातवानं 1677 ला मेरीलँडात 44 एकर घेतले आणि शेताला अँगोला नाव दिलं, तो परिच्छेद मॅडम म्हणाल्या तरी काढू नकोस. दाव्यात बसत नसेल तर बसव. आणि तिकडचं जमीन मोजायचं माप, पोल, साडेसोळा फुटांचं असं तू म्हणालीस, मी रात्री उठून हिशेब केला. दोन पोल म्हणजे आपली 33 फुटांची साखळी! व्हर्जिनियाचं शेत मलाही मोजता आलं असतं.

डिसेंबरात येऊ नकोस. पेपर पुरा कर. जोशांचा मुलगा पंधरा तारखेला येतोय, त्याच्याकडे सितोपलादी आणि लाडू दिलेत. मधातून घे, नुसतं फाकू नको.

तुझा,
बाबा

ता. क. फोटोत पान धरलेला हात तुझाच ना? मनगट केवढंसं झालंय. छातीचा एक्स-रे काढ आणि मला पाठव. आईला नको, मला.